सुरुवातीच्या क्वेस्टमधील कोडे: नवे खेळाडू खटक्यांपाशी का अडतात?

प्रश्न

आम्ही चौघे मित्र गेली दोन वर्षे फावल्या वेळात ब्राउझरमध्ये चालणारा एक लहानसा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत. खेळाचा पहिला तास आता बऱ्यापैकी आकाराला आला आहे, परंतु तिसऱ्या क्वेस्टपाशी, म्हणजे खेळाडूला दिल्या जाणाऱ्या तिसऱ्या कामगिरीपाशी, नवे खेळाडू अडतात आणि त्यांतले बरेच जण पुन्हा लॉगिनच करत नाहीत, म्हणून ही क्वेस्ट येथे सविस्तर मांडत आहे.

पहिल्या दोन क्वेस्ट साध्या आहेत. एकीत निरोप पोहोचवायचा असतो, तर दुसरीत तीन वस्तू गोळा करून आणायच्या असतात. तिसरीत प्रथमच कोडे येते. गावची पाणचक्की बंद पडलेली असते आणि चक्कीवाला खेळाडूला तळघरात पाठवतो. तेथे भिंतीवर चार खटके आहेत आणि पाण्याच्या पाटावर चार झडपा आहेत, ज्यांना आम्ही क, ख, ग, घ अशी नावे दिली आहेत. प्रत्येक खटका दोन झडपांची अवस्था उलटी करतो, म्हणजे उघडी झडप बंद होते आणि बंद झडप उघडते. पहिला खटका क आणि ख यांना, दुसरा ख आणि ग यांना, तिसरा ग आणि घ यांना व चौथा घ आणि क यांना जोडलेला आहे. सुरुवातीस क आणि घ उघड्या असतात, ख आणि ग बंद असतात. चारही झडपा उघडल्या की पाणी चाकावर पडते आणि चक्की फिरू लागते. चक्कीवाल्याच्या खोलीत एक चिठ्ठी सापडते, जिच्यात 'आधी नदीला वाट द्या, मग चाकाला' असे लिहिलेले आहे.

मागच्या आठवड्यात मी एका नव्या खेळाडूच्या मागे बसून त्याचा खेळ पाहिला. त्याने पहिला खटका ओढला, करकर असा आवाज ऐकला, थोडा वेळ वाट पाहिली आणि खोलीत काहीच बदलले नाही असे पाहून खटका पुन्हा वर केला. नंतर तो जिना चढून बाहेर चाकापाशी गेला आणि परत आला, पण तोवर कोणता खटका कसा होता ते तो विसरला होता. असे चार वेळा झाले. शेवटी त्याने सार्वजनिक चॅटवर विचारले, कोणीतरी 'पहिला, तिसरा, चौथा' एवढेच उत्तर दिले, आणि क्वेस्ट दहा सेकंदांत संपली. बक्षीस मिळाल्याचा संदेश त्याने वाचलासुद्धा नाही. ते पाहून मला फार वाईट वाटले, कारण हे कोडे आम्ही मनापासून बनवले होते.

आमच्यात दोन मते आहेत. एक मत असे की कोडे काढूनच टाकावे, दुसरे असे की योग्य खटक्यांवर बाण दाखवावेत. मला दोन्ही पटत नाहीत. सुरुवातीच्या क्वेस्टमध्ये कोड्याने नेमके काय साधावे आणि उत्तर चॅटवर फुटणारच असेल तर कोड्याला अर्थ कसा उरतो, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी एक अडचण अशी की सध्या खटके सर्वांना सामाईक आहेत, त्यामुळे एकाने ओढलेला खटका दुसऱ्यालाही ओढलेलाच दिसतो. काही खेळाडू तर एकच खटका ओढून पार होतात. त्यांच्या आधी कोणीतरी बाकीचे खटके ओढून ठेवले असावेत असा आमचा कयास आहे.

उत्तर १

मी २००१ साली सुरू झालेल्या 'रूनस्केप'चा जुना खेळाडू आहे. तुमचे तळघर वाचताना मला त्या खेळातील सुरुवातीच्या क्वेस्टपैकी 'अर्नेस्ट द चिकन'ची आठवण झाली, कारण तिच्यातही एका वाड्याच्या तळघरात सहा खटके आणि अनेक दारे आहेत. प्रत्येक खटक्याच्या दोन अवस्था धरल्या तर एकूण ६४ जुळण्या होतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, परंतु खेळाडूला सगळे खटके एकाच वेळी हाताशी नसतात; दोन-तीन खटके गाठता येतात, एखादे दार उघडते, त्यापलीकडे नवा खटका मिळतो आणि त्यामुळे मागचे दार बंद होते. म्हणजे प्रत्येक क्षणी निवड लहानच राहते. शिवाय ओढलेला खटका परत फिरवता येत असल्यामुळे कायमचे अडकण्याची भीती राहत नाही. तळघरही लहान आहे, आणि कोणते दार उघडले हे चार पावले चालून तपासता येते. तुमच्या खेळाडूला त्यासाठी जिना चढावा लागतो, आणि माझ्या मते खरी गोम तेथेच आहे.

त्याच क्वेस्टमधील कारंज्याचा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. एक आवश्यक उपकरण कारंज्यात पडलेले असते आणि पाण्यात पिरान्हा मासे असतात. वाड्यात माशांचे खाद्य मिळते आणि विषही मिळते. ही दोन्ही एकत्र करून कारंज्यात टाकली की मासे मरतात आणि उपकरण हाती येते. या कोड्यात खेळाडूला कोणताही संकेत पाठ करावा लागत नाही. अडथळा डोळ्यांसमोर असतो, त्याचे कारण कळलेले असते आणि साधने त्याच इमारतीत असतात. करायचा असतो तो फक्त जोडणारा विचार. आणि तो विचार एकदा केला की 'एक वस्तू दुसरीवर वापरता येते' हा त्या जगाचा नियम खेळाडूच्या अंगवळणी पडतो, जो पुढच्या पन्नास क्वेस्टमध्ये उपयोगी येतो. सुरुवातीच्या कोड्याचे काम हेच आहे असे मी मानतो. त्याने खेळाडूची बुद्धी मोजू नये, तर या जगात गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत ते त्याच्या हातून करवून घेऊन दाखवावे.

त्याहूनही साधे उदाहरण पाहा. 'कुक्स असिस्टंट' या अगदी पहिल्या क्वेस्टपैकी एकीत स्वयंपाक्याला केकसाठी अंडे, दूध आणि पीठ हवे असते. पिठासाठी शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन तो हॉपरमध्ये, म्हणजे धान्य घालायच्या पेटीत टाकायचा, यंत्र चालवायचे आणि मग तळमजल्यावर उतरून भांड्यात पीठ भरून घ्यायचे असते. येथेही कारण वर आणि परिणाम खाली आहे, तुमच्यासारखेच. तरीही खेळाडू गोंधळत नाहीत, कारण धान्य वरून घातले की पीठ खाली पडते हे सर्वांना आधीच ठाऊक असते. तुमच्या झडपांविषयी खेळाडूला असे काहीच ठाऊक नाही, आणि खटका ओढल्यावर काय बदलले हेही दिसत नाही. त्यामुळे तो कोडे सोडवतच नाही, तर आधी कोडे आहे तरी काय हे शोधत बसतो. ही दोन कामे एकदम नव्या खेळाडूवर टाकू नयेत.

माझी सूचना अशी की पाट तळघरातूनच, खटक्यांच्या अगदी वरून जाऊ द्यावा. झडप उघडली की पाणी पुढच्या टप्प्यापर्यंत सरकलेले दिसावे आणि बंद झाली की तेथेच अडलेले दिसावे. चाकाचा खालचा भाग भिंतीतल्या झरोक्यातून दिसला तर फारच उत्तम. आणि ती चिठ्ठी बदलाच. 'आधी' आणि 'मग' वाचून खेळाडू क्रम शोधू लागतो, पण तुमच्या यंत्रणेत क्रमाला महत्त्वच नाही. तेच खटके कोणत्याही क्रमाने ओढले तरी झडपांची शेवटची अवस्था तीच राहते. चार खटक्यांचे २४ क्रम होतात, आणि तुमची चिठ्ठी खेळाडूला नेमके ते तपासत बसायला सांगते. हा त्याच्यावर अन्याय आहे, मग तो नकळत झालेला का असेना.

उत्तर २

मी अशा खेळांचे सर्व्हरकडील काम करतो, त्यामुळे सामाईक खटक्यांविषयी लिहावे म्हणून आलो होतो, परंतु तुमची जोडणी कागदावर मांडली तेव्हा त्याहून मोठी गोष्ट आढळली.

'पहिला, तिसरा, चौथा' हे उत्तर तपासून पाहा. पहिल्याने क आणि ख उलटतात, तिसऱ्याने ग आणि घ, चौथ्याने घ आणि क. यात क दोनदा उलटते, म्हणजे मूळपदावर येते, आणि घ चेही तेच होते. शेवटी फक्त ख आणि ग उलटलेल्या राहतात. पण दुसरा खटका एकट्यानेच हे काम करतो. याचा अर्थ असा की तुमचे कोडे दुसरा खटका एकदा ओढून सुटते. एका खटक्यात पार होणाऱ्या खेळाडूंमागे बहुधा दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. त्यांनी योगायोगाने दुसरा खटका आधी ओढला एवढेच. खटके सामाईक असल्यामुळे तुम्हाला ती शंका आली आणि खरा दोष झाकला गेला.

याचे कारण जोडणी वर्तुळाकार असण्यात आहे. चारही खटके ओढले तर प्रत्येक झडप दोनदा उलटते आणि काहीच बदलत नाही. त्यामुळे खटक्यांच्या १६ जुळण्यांमधून झडपांच्या फक्त ८ अवस्था निघतात आणि प्रत्येक अवस्थेला पोहोचण्याचे दोन मार्ग असतात. दुसरी बाजू अशी की प्रत्येक खटका दोन झडपा उलटत असल्याने उघड्या झडपांची संख्या सम असेल तर समच राहते आणि विषम असेल तर विषमच. उद्या तुम्ही सुरुवातीची अवस्था यदृच्छेने निवडू लागलात आणि तीन झडपा उघड्या असलेली अवस्था निघाली, तर ते कोडे कोणालाही कधीच सुटणार नाही. सरकत्या फरशांच्या कोड्यातही हेच घडते. तुकडे उचलून कसेही मांडले तर निम्म्या मांडण्या सोडवता येण्याजोग्या नसतात, म्हणून तेथे सुटलेल्या चित्रापासून सुरुवात करून नियमानुसार तुकडे सरकवत विस्कटावे लागते.

उपाय सोपा आहे. चौथ्या खटक्याला केवळ घ जोडा, क सोडून द्या. मग १६ जुळण्यांना १६ वेगळ्या अवस्था मिळतात आणि प्रत्येक अवस्थेला नेमका एकच मार्ग उरतो. सुरुवातीस क आणि ग बंद ठेवा, ख आणि घ उघड्या ठेवा. आता पहिला खटका ओढला की क उघडते, पण ख बंद होते. खेळाडूला वाटेल की आपण चुकलो. दुसरा ओढला की ख पुन्हा उघडते आणि ग ही उघडते, व पाणी चाकावर जाते. पुढे जाण्यासाठी मध्येच एक उघडी झडप बंद होऊ द्यावी लागते, ही या कोड्यातील एकमेव अवघड कल्पना आहे, आणि दोन खटक्यांच्या अंतरात ती पचण्याजोगी आहे.

हीच जोडणी ठेवून प्रत्येक पात्राला वेगळी सुरुवात देता येईल. दोन किंवा तीन खटके लागतील अशा १० सुरुवाती निघतात. एखाद्याच्या पात्राच्या क्रमांकावरून त्यांपैकी एक निवडा, म्हणजे खेळाडू बाहेर जाऊन परत आला तरी त्याचे कोडे तेच राहील. चॅटवर कोणी आकडे सांगितले तर ते बहुतेकांच्या कामी येणार नाहीत, मात्र 'झडप बंद झाली तरी घाबरू नकोस, पुढचा खटका ओढ' हा सल्ला बहुतेकांच्या कामी येईल. अशी मदत खेळाडूंनी एकमेकांना करावी हे तर आपल्याला हवेच आहे.

सामाईक अवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. खटक्यांची अवस्था खोलीत साठवू नका, प्रत्येक खेळाडूच्या नोंदीत साठवा. चार खटक्यांना चार बिट पुरतात. तोटा एवढाच की दोन मित्र शेजारी उभे असले तरी त्यांना पाणी वेगवेगळ्या ठिकाणी दिसेल. मित्रांनी मिळून कोडे सोडवावे अशी इच्छा असेल तर गटासाठी खोलीची स्वतंत्र प्रत उघडावी. परंतु तिसऱ्याच क्वेस्टसाठी एवढा खटाटोप मी करणार नाही.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. बाणाचा पर्याय तुम्ही इतक्या सहज बाजूला सारू नका.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला तेव्हा क्वेस्टचे ठिकाण नकाशावर दिसत नसे, मजकूर वाचून शोधावे लागे. बॅरन्स या प्रदेशात मॅनक्रिक नावाचे पात्र लढाईत दुरावलेल्या आपल्या पत्नीचा शोध घ्यायला सांगत असे, आणि ती कोठे आहे हा प्रश्न तेथील चॅटवर इतक्या वेळा विचारला गेला की पुढे तो त्या खेळाची ओळखच होऊन बसला. खेळाडू उत्तरासाठी बाहेरची संकेतस्थळे पाहू लागले, नकाशावर खुणा दाखवणारी ॲडऑन, म्हणजे खेळाला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, वापरू लागले, आणि डिसेंबर २००९ मधील ३.३ या पॅचपासून (खेळाच्या अद्ययावत आवृत्तीपासून) अशा खुणा मूळ खेळातच आल्या. मला त्यातून असे वाटते की पत्ता शोधणे आणि कोडे सोडवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तळघर कोठे आहे, खटके कोठे आहेत, चक्कीवाला कोण आहे, हे बाणाने खुशाल दाखवा. बाण कोणता खटका ओढायचा ते दाखवू लागला तरच नुकसान होते. तुमच्या मित्रांच्या आणि तुमच्या मतांत मला खरे तर विरोध दिसत नाही.

चिठ्ठीऐवजी चक्कीवाल्याकडूनच टप्प्याटप्प्याने सूचना मिळाव्यात असेही मी सुचवतो. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पात्राच्या बोलण्यातील चौकटी कंसातला शब्द स्वतः टाइप केला की ते पात्र त्या विषयावर पुढे बोलत असे. ही पद्धत आज कोणी जशीच्या तशी वापरणार नाही, पण तिच्यात एक शहाणपण होते. खेळाडूने विचारले तरच माहिती मिळे आणि विचारणे हाही खेळाचाच भाग असे. तुमचा खेळाडू चॅटकडे वळला, कारण खेळाच्या आत विचारायला कोणी नव्हते. चक्कीवाल्याने पहिल्यांदा विचारल्यावर एवढेच सांगावे की एक खटका दोन ठिकाणी काम करतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याने सांगावे की पाणी जेथे अडले आहे तेथून मागे पाहा. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने स्वतः खाली येऊन पहिला योग्य खटका ओढून दाखवावा. त्याबद्दल बक्षीस मात्र कमी करू नका, कारण नव्या खेळाडूला मदत मागण्याची शिक्षा मिळाली तर तो पुढे कधीच मागणार नाही.

२०१२ च्या 'द सिक्रेट वर्ल्ड'ने याच्या अगदी उलट वाट धरली होती. तेथील तपासाच्या क्वेस्टमध्ये खेळाबाहेर जाऊन माहिती शोधणे अपेक्षित होते आणि त्यासाठी खेळाच्या आतच ब्राउझर दिलेला होता. किंग्समाउथ या पहिल्याच प्रदेशात रस्त्यावरील गटाराच्या झाकणांवर कोरलेली चिन्हे पाहत माग काढावा लागतो. मला ती क्वेस्ट अतिशय प्रिय आहे, पण ती आवडणारा खेळाडू मुळात तपास करायच्या तयारीनेच त्या खेळात आलेला असतो. तुमच्या खेळात येणारा माणूस कशासाठी येतो, हे तुम्हालाच ठाऊक. जर तो मुख्यतः लढाईसाठी येत असेल, तर चक्कीवाचून पुढचा रस्ता अडू देऊ नका. कोडे गावात असू द्या, पण वेशीवर नको.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दुसरा खटका एकट्याने कोडे सोडवतो हे वाचून मी लगेच सर्व्हर रिकामा असताना करून पाहिले, आणि ते खरे निघाले. दोन वर्षांत आम्हा चौघांपैकी एकालाही हे दिसले नव्हते, कारण आम्ही प्रत्येक वेळी आम्हाला पाठ असलेले तीनच खटके ओढत होतो.

या दहा दिवसांत पुढील बदल केले. चौथा खटका आता फक्त घ ला जोडलेला आहे आणि सुरुवात पात्रानुसार १० पैकी एक निघते. पाट खटक्यांच्या वरून जातो आणि झरोक्यातून चाकाची दोन पाती दिसतात. खटके आणि झडपा यांना जोडणारे दोरही आम्ही भिंतीवर दाखवले. आधी प्रत्येक दोर वेगळ्या रंगाचा होता, परंतु आमच्यातील एकाला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, म्हणून आता दोरांवर गाठी आहेत, पहिल्या खटक्याच्या दोराला एक, दुसऱ्याच्या दोराला दोन, याप्रमाणे. चिठ्ठी काढून टाकली. चक्कीवाला विचारल्यावर बोलतो, मात्र तिसऱ्या खेपेस खाली येऊन खटका ओढण्याचे अॅनिमेशन अजून झालेले नाही, म्हणून तूर्त तो खटक्याचे केवळ नाव सांगतो. क्वेस्ट पूर्ण केली नाही तरी पुढचा रस्ता उघडा राहील, हेही आम्ही मान्य केले, जरी त्यावर आमच्यात बरीच वादावादी झाली आणि माझे मन अजून पूर्ण वळलेले नाही.

काल एक नवी खेळाडू खेळत असताना मी पुन्हा मागे बसलो. तिने पहिला खटका ओढला, पाणी एक टप्पा पुढे येऊन अडले आणि ख बंद झालेली दिसताच तिने तो परत वर केला. पुन्हा ओढला, पुन्हा वर केला. मग ती माउसवरचा हात काढून पडद्याकडे पाहत राहिली आणि बोटाने दोराच्या गाठी मोजू लागली. त्या अर्ध्या मिनिटात तिला काही सांगू नये म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. नंतर तिने पहिला आणि लगोलग दुसरा खटका ओढला, आणि चाकाचे पाते झरोक्यात हलले तेव्हा ती जिना चढून धावतच बाहेर गेली. क्वेस्ट तेव्हाच पूर्ण झाली होती, बाहेर जाण्याची काहीही गरज नव्हती. तिला केवळ संपूर्ण चाक फिरताना पाहायचे होते, आणि बाहेरच्या चाकाचे फिरणे आम्ही अजून बनवलेलेच नाही. आज संध्याकाळी त्याचेच काम हाती घेत आहे.